मागे कोण राहिलं?

आमच्या घरात सहलीहून, शिबिराहून किंवा एखाद्या गडावरून परतलेल्या पोराला ‘मजा आली का?’ असं आजोबांनी कधी विचारलं नाही. पाठीवरची पिशवी खाली उतरायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, “मागे कोण राहिलं होतं?” कुणीच नाही, असं सांगितलं की ते मान हलवायचे. “वीस पोरं डोंगर चढली आणि एकही मागे पडलं नाही? म्हणजे तू मागे वळून बघितलंच नाहीस.”

लहानपणी आम्हाला हा प्रश्न खवचट वाटायचा. पुढे आजोबांच्या, आत्याच्या आणि मामाच्या गोष्टी तुकड्यातुकड्यांनी ऐकत गेले, तेव्हा एक ध्यानात आलं. गेल्या ऐंशी वर्षांत महाराष्ट्रात तरुण पोरांच्या हाती काम सोपवण्याचे जे प्रयोग झाले, त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत हा प्रश्न कुठे ना कुठे दडलेला होता. पुढे कोण आहे ते सगळ्यांनाच दिसतं. मागचं बघायला मात्र शिकावं लागतं, आणि ते वर्गात बसून येत नाही.

आजोबा वाळवा तालुक्यातले. आज तो सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा साताऱ्यात होता. गावात सेवा दलाची शाखा भरू लागली तेव्हा ते तेरा-चौदा वर्षांचे असतील. सेवा दलाची पाळंमुळं ना. सु. हर्डीकरांनी १९२३ मध्ये काढलेल्या हिंदुस्तानी सेवा दलापर्यंत जातात. पण आपण ज्याला राष्ट्र सेवा दल म्हणतो, ते ४ जून १९४१ ला पुण्यात उभं राहिलं. एस. एम. जोशी त्याचे दलप्रमुख. संध्याकाळी मैदानावर जमायचं, खेळ, कवायत, लेझीम झाली की गोल करून बसायचं, मग समूहगीतं आणि बौद्धिक. सगळ्या जातींची पोरं एका रांगेत उभी राहायची आणि कितीतरी शाखांत मुलीही यायच्या. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती.

बौद्धिकांत काय सांगितलं ते आजोबांना फारसं आठवत नसे. आठवायचं ते गटनायकाचं काम. गटातलं एखादं पोर दोन दिवस आलं नाही की गटनायकानं त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची, असा दंडक होता. कुणाला हिवताप आलेला असे, कुणाला बापानं गुरांमागे धाडलेलं असे, कुणाची आई ‘त्या पोरांच्यात बसतोस’ म्हणून अडवून धरायची. “दहा-बारा पोरांच्या दहा-बारा चुली मला पाठ झाल्या,” आजोबा सांगायचे. “कुणाच्या घरी रात्री चूल पेटत न्हाई, ते गावच्या पाटलाला ठावं नव्हतं. मला ठावं होतं.”

१९४२ चा ऑगस्ट उजाडला. ९ तारखेला पहाटेच काँग्रेसचे बडे पुढारी मुंबईत पकडले गेले आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत धरपकड सुरू झाली. वडीलधारे तुरुंगात गेले आणि गावोगाव निर्णय घेण्याची पाळी पोरांवर आली. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभं राहिलं, ते या पोरांच्या जोरावर. कुंडलच्या तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड आणि वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, दोघंही १९२२ साली जन्मलेले. म्हणजे रेल्वे अडवणं, खजिने लुटणं, गावोगावची न्यायदान मंडळं चालवणं, हुंडा-मानपानाला फाटा देऊन गांधी विवाह लावणं, हा सगळा कारभार विशीतल्या माणसांच्या खांद्यावर होता. आजोबा त्यांच्याहूनही लहान. त्यांच्या वाट्याला उसातल्या भूमिगतांना भाकरी पोचवण्याचं काम आलं होतं.

ते काम कसं चालायचं हे त्यांनी मला एकदा जेवताना ताटातल्या भाकरीवर दाखवलं होतं. ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा एका कडेनं अलगद सोडवायचा, चिठ्ठी आत सरकवायची, पापुद्रा दाबायचा आणि वर झुणका थापायचा. मग धडप्यात बांधून दोघांनी निघायचं. पण दोघांनी कधी बरोबर चालायचं नाही. पुढचा भाकरी घेऊन, मागचा चारदोन शेळ्या हाकत, पुढचा जेमतेम दिसेल एवढं अंतर राखून. पुढच्याला धरलं तर मागच्यानं पळायचं नाही, ओळख द्यायची नाही, शेळ्या हाकत त्याच चालीनं पुढे जायचं आणि ठरल्या घरी वर्दी द्यायची.

एकदा खरंच धरलं. पुढच्या पोराला पोलिसांनी थांबवलं, धडपं सोडायला लावलं. भाकरी कुणासाठी, म्हणून विचारलं. तो म्हणाला, माझ्यासाठी. मग खा, असं म्हणून ते त्याच्यासमोर उभे राहिले. त्यानं ती अख्खी भाकरी चिठ्ठीसकट खाल्ली. आजोबा शेळ्या घेऊन त्याच्या शेजारून गेले. “त्याचं नाव झालं,” ते हसत म्हणायचे, “पर माझं पाय लटलट कापत व्हतं, आन् तरी मी पळालो न्हाई, ते कुणाला दिसलं?” पुढच्यानं धाडस दाखवायचं आणि मागच्यानं थारा सोडायचा नाही, यातलं दुसरं काम त्यांना जड वाटायचं. प्रतिसरकारनं दिलेल्या शिक्षांबद्दल विचारलं की मात्र ते विषय बदलत. सगळ्याच गोष्टी नातवंडांना सांगण्यासारख्या नसतात, एवढंच मी त्यातून समजले.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं. विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून. त्याआधी ते कित्येक महिने महाराष्ट्रभर फिरले होते, गावोगाव सभा घेत, विहिरी आणि देवळं खुली करवीत, आणि सेवा दलाची मुलंमुली त्यांच्याबरोबर होती. उपोषण तनपुरे महाराजांच्या मठात झालं. आजोबा तेव्हा एकोणीस वर्षांचे, स्वयंसेवक म्हणून तिथे गेलेले. आम्हाला वाटायचं की ते गुरुजींच्या उशाशी बसले असतील. ते होते चराच्या संडासांवर. मे महिन्याचं ऊन, बाहेरगावची माणसं, पाण्याची मारामार. चर खणायचे, आडोशाला तट्ट्या बांधायच्या, वापरून झालं की माती लोटायची. विरोधकांच्या घोषणा चालू असायच्या, त्यांतल्याच कुणाला परसाकडला लागली तर तोही इथेच यायचा. “त्यालाबी वाट दाखवायची,” आजोबा म्हणायचे. सेनापती बापटांसारखा माणूस हातात झाडू घेऊन रस्ते झाडायचा, अशा काळात हे काम हलकं मानायची सोयच नव्हती. मंदिर खुलं करण्याचं ठरलं, दहाएक दिवसांनी उपोषण सुटलं, लोक जल्लोष करत निघून गेले. आजोबांचा गट आणखी दोन दिवस तिथेच होता. चर बुजवायचे राहिले होते.

सेवा दलातून पुढे आमदार-खासदार झाले, मंत्री झाले, निळू फुल्यांसारखे नट झाले. आजोबा पंचायत समितीत कारकून झाले. त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही. पण मुलीनं अठराव्या वर्षी ‘मला चंद्रपूरच्या जंगलात शिबिराला जायचंय’ असं म्हटलं, तेव्हा सगळ्या भावकीचा विरोध मोडून त्यांनी तिला नागपूरच्या गाडीत बसवून दिलं.

ती आमची आत्या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. मूलजवळ सोमनाथला बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी दर मे महिन्यात भरायची, अजूनही भरते. वरोऱ्याच्या आनंदवनात बरे झालेले कुष्ठरोगी जंगलाकाठच्या जमिनीवर धानाची शेती करू लागले होते, आणि त्यांच्याबरोबर राबायला महाराष्ट्रातून शेकडो पोरंपोरी यायची. या कल्पनेमागे एक जुना धागा होता. पहिल्या महायुद्धानंतर पिएर सेरेसोल नावाच्या स्विस माणसानं वेर्दंजवळचं एक उद्‌ध्वस्त गाव पुन्हा उभारायला वेगवेगळ्या देशांचे स्वयंसेवक जमवले. कालचे शत्रू एका फावड्याला लागले. त्यातून सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना निघाली. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः तिथे काम करायला आला. पुढे पन्नाशीच्या दशकात याच संघटनेचे देशोदेशीचे स्वयंसेवक आनंदवनात राहिले आणि त्यांनी तिथे इमारत बांधायला हात लावला. ज्या काळात वरोऱ्याचे लोक आनंदवनातली भाजी विकत घ्यायला कचरत, त्या काळात परदेशी पोरं रुग्णांबरोबर विटा वाहत होती. ते पाहून लोकांची भीड चेपली, असं आत्या तिथे ऐकून आली होती.

छावणीचा दिवस पहाटे अंधारात सुरू व्हायचा, कारण दहानंतर कुदळ उचलणं शक्यच नसायचं. चंद्रपूरचा मे महिना तो, पारा पंचेचाळीसच्या पुढे. बांध घालायचा, तळं खोदायचं, दुपारी झाडाखाली व्याख्यानं ऐकायची, रात्री गाणी. आत्याला पहिल्याच दिवशी एका गटाचं नायकपद मिळालं. तिनं उत्साहानं आखणी केली. दांडगी पोरं पुढे खड्ड्यात, मग हातोहात घमेली पोचवणारी साखळी, शेवटी बांधावर माती टाकणारे. दांडग्यांनी झपाट्यानं खोदायला सुरुवात केली, आणि अर्ध्या तासात साखळीच्या मध्यावर मातीच्या घमेल्यांची रास लागली. तिथे मुंबईची एक किरकोळ मुलगी उभी होती, हाताला फोड आलेले, डोळ्यांत पाणी. आत्या खड्ड्याकाठी उभी राहून ‘आवरा, आवरा’ ओरडत होती.

सोमनाथचाच एक वयस्क शेतकरी बाजूला काम करत होता. दोन्ही हातांची बोटं झडलेली, फावड्याचा दांडा तो मनगट आणि कोपराच्या बेचक्यात धरायचा, आणि त्याची माती या सगळ्या कॉलेजकुमारांपेक्षा नेमकी पडायची. तो आत्याला म्हणाला, “बाई, ढीग कुठं साचून राहिला ते पाहा, अन् तिथं जाऊन उभी राह.”

आत्या जाऊन त्या मुलीशेजारी उभी राहिली. घमेली अर्धी भरायला सांगितली. खड्ड्यातल्या दोघा दांडग्यांना वर काढून साखळीत मध्ये घातलं. वेग कमी झाल्यासारखा वाटला, पण नऊ वाजता पाहिलं तर बांध अपेक्षेपेक्षा हातभर जास्त सरकला होता. “त्या माणसानं मला नेतृत्वावर एक अक्षर ऐकवलं नाही,” आत्या सांगते. “उभं कुठं राहायचं तेवढं दाखवलं. पुढे बत्तीस वर्षं शाळा चालवताना मी तेच केलं. ढीग साचला तिथं जाऊन उभी राहिले.”

त्या छावणीतून परतताना आत्याच्या गटातला एकजण घरी न जाता हेमलकशाला गेला. भामरागडच्या जंगलातला लोकबिरादरी प्रकल्प डिसेंबर १९७३ मध्ये नुकता सुरू झाला होता, वीज नव्हती, पावसाळ्यात वाटा बंद. तो पाचसहा महिने राहिला आणि मलेरिया घेऊन परतला. आत्याला त्याचं भारी कौतुक. पुढे १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी ‘भारत जोडो’ यात्रा काढली. कन्याकुमारीहून काश्मीरकडे, शंभराहून जास्त तरुण-तरुणी सायकलींवर, आणि पाठीच्या दुखण्यामुळे बसताही न येणारे सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर. पंजाब तेव्हा धुमसत होता. आत्याला जायचं होतं, पण मांडीवर माझी आतेबहीण होती. मुक्काम आमच्याकडून फार लांब नाही असं कळल्यावर ती बाळाला घेऊन त्या मुक्कामी गेली आणि सायकलींच्या पंक्चरी काढणाऱ्या पोरांना पोळ्या लाटून देऊन आली.

सरकारलाही त्याआधीच ही कल्पना पटली होती. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, ३७ विद्यापीठांत आणि चाळीस हजार विद्यार्थ्यांनिशी. वर्षाला १२० तास काम आणि दत्तक गावात निवासी शिबिर. १९७२ च्या दुष्काळानंतर तिची शिबिरं दुष्काळनिवारणाच्या कामाकडे वळली. पुढे काही कॉलेजांत हे तास वहीत भरायचे झाले, गावातल्या देवळाला चुना लावून फोटो काढायचे झाले. पण ज्या प्राध्यापकानं मनावर घेतलं, त्याच्या शिबिरातली पोरं वेगळी ओळखू यायची, हे आत्यासारख्या शिक्षिकेनं जवळून पाहिलेलं आहे.

मामाची तऱ्हा वेगळी. तो दादरचा, सेवा वगैरे शब्दांनी अंगावर काटा येणारा. त्याला फक्त डोंगर हवा होता. मुंबईत गिरिविहार ही संस्था १९५४ पासून होती, मुंब्र्याच्या आणि कान्हेरीच्या कातळांवर प्रस्तरारोहणाची शिबिरं व्हायची. गोनीदांच्या पुस्तकांनी एका पिढीला गडांचं वेड लावलं होतं. ऐंशीच्या दशकात दर शनिवारी रात्री कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या लोकलला सॅक लावलेल्या पोरांची गर्दी असायची, त्यांतला मामा एक.

त्याच्या ग्रुपची शिस्त मी स्वतः भोगली आहे. मी आठवीत होते तेव्हा त्यानं मला पहिल्यांदा पावसाळी ट्रेकला नेलं. प्रत्येकाकडे एकेक जबाबदारी. कुणाकडे दोर, कुणाकडे तांदूळ, कुणाकडे पातेली. मला वाटलं, लहान म्हणून मला मोकळं सोडतील. मामानं माझ्या हातात मीठ आणि काडेपेटी ठेवली. “वीस माणसांचं जेवण तुझ्याकडे आहे,” तो म्हणाला. काड्या कॅमेऱ्याच्या फिल्मरोलच्या काळ्या डबीत भरायच्या, पेटीची गुलाची कड कापून झाकणाच्या आतून बसवायची, डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी मिठाच्या डब्यात, डबा सॅकच्या अगदी मध्यावर कपड्यांत. दिवसभर पाऊस झोडपत होता आणि माझं अर्धं लक्ष त्या डबीत. रात्री गुहेत चूल पेटली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पेटणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, आणि त्याचाच मला अभिमान वाटला.

वाटेवरचे नियम ठरलेले होते. सगळ्यात पुढे वाट माहीत असलेला. सगळ्यात मागे ग्रुपमधला सगळ्यात अनुभवी माणूस, त्याच्याकडे प्रथमोपचाराची पेटी, जादा दोर, जादा टॉर्च. त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. चाल सगळ्यात सावकाश चालणाऱ्याची. अंधार पडला की दर थांब्याला मोजणी, प्रत्येकानं आपला नंबर ओरडायचा. मामाच्या गोष्टींत एका मोजणीची गोष्ट नेहमी येते. माहुलीच्या जंगलातून उतरताना ‘अकरा’पर्यंत आवाज आले आणि पुढे गप्प. बारा नंबरचा पोरगा पायाला लचक भरल्यावर लाजेनं काही न बोलता वळणावर बसून राहिला होता आणि त्या दिवशी मागे चालणाऱ्यानं वाट चुकलेल्या दोघांना आणायला म्हणून आपली जागा सोडली होती. पोरगा शंभर पावलांवरच सापडला. पण त्या रात्री ग्रुपनं ठरवलं की मागचा माणूस कुठल्याही कारणानं जागा सोडणार नाही, दुसरं कुणीतरी जाईल.

मामा अधूनमधून कुर्ट हानचं नाव घ्यायचा. सेवा दल पुण्यात उभं राहिलं त्याच १९४१ साली या जर्मन शिक्षकानं वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्हीला आउटवर्ड बाउंडची पहिली शाळा काढली. युद्धात बोटी बुडत होत्या, आणि होड्यांत अडकलेल्यांमध्ये तरणेबांड खलाशी आधी हाय खात, मुरलेले म्हातारे तग धरत, असं जहाज कंपनीच्या लोकांच्या ध्यानात आलं होतं. ताकद होती, पण हाल सोसायची सवय नव्हती. ती लावायला हाननं समुद्र आणि डोंगर वापरले, आणि त्याच्या जोडीला बचावकार्याची सेवा. डोंगर चढायला शिकलात ना, मग अडकलेल्याला उतरवायला जा, असा त्याचा हिशेब. वाळव्याच्या पोरांना हे नाव ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं.

मामाला सेवेचा तिटकारा होता तो ३० सप्टेंबर १९९३ पर्यंत. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादच्या गावांतली जाड दगडमातीच्या भिंतींची, वर मातीचा थर असलेली माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. हजारोंनी माणसं गेली. मामाचा ग्रुप दुसऱ्या दिवशी निघाला. तिथे पोचल्यावर त्यांना दोन गर्दी दिसल्या. एक मदतीची आणि एक बघ्यांची. मदतीला आलेल्यांतलेही बरेचजण रिकाम्या हातांनी आलेले, दुपार झाली की जेवण कुठे मिळेल, पाणी कुठे, रात्री झोपायचं कुठे, असं विचारत हिंडणारे. वर पाऊस सुरू झालेला. “आम्ही काही फार मोठं काम केलं नाही,” मामा सांगतो. “पण आम्ही कुणाकडे पाणीसुद्धा मागितलं नाही. तंबू आपला, शिधा आपला, दोर आपले, टॉर्चचे सेलसुद्धा आपले. जवान सांगतील तिथे लागायचं, सांगतील तेव्हा बाजूला व्हायचं.” डोंगरानं त्याला कातळ चढायला शिकवलं, असं तो समजत होता. आपला भार दुसऱ्यावर न टाकता चिखलात चार दिवस राहायलाही डोंगरानंच शिकवलंय, हे त्याला सास्तूरच्या रस्त्यावर उमगलं. परतल्यावर त्यानं ग्रुपच्या कार्यक्रमात बचावाचा सराव घातला. स्ट्रेचर दोरावरून उतरवायचं कसं, बेशुद्ध माणूस उचलायचा कसा, गाठी अंधारात बांधायच्या कशा.

आज लोणावळ्याचं शिवदुर्ग, महाबळेश्वर ट्रेकर्स, खोपोलीचे यशवंती हायकर्स अशी पथकं सह्याद्रीत ठिकठिकाणी आहेत. दरीत गाडी कोसळली किंवा कड्यावर कुणी अडकलं की पोलीस आधी त्यांना फोन करतात. यातलं कुणी पगारी नाही. कुणी रिक्षा चालवतं, कुणाचं दुकान आहे, कुणी कंपनीतून अर्ध्या पाळीत सुट्टी टाकून येतं.

माझी मामेबहीण अशाच एका पथकात आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. खालापूर तालुक्यातली ठाकरांची ती वाडी, इर्शाळगडाच्या पोटाशी, खालून गाडीरस्ता नाही. फोन आला तेव्हा धो धो पाऊस, निसरडी पायवाट, वर जायला तास-दीड तास. यंत्रं वर नेताच आली नाहीत. कुदळी, फावडी आणि हात यांवरच चार दिवस शोध चालला. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं बेपत्ताच राहिली, आणि मग शोध थांबवावा लागला.

त्या रात्री ती वर पोचली तेव्हा तिला वाट दाखवायला कुणी लागलं नाही, कारण त्या वाटेनं ती कितीतरी वेळा गेली होती. इर्शाळगडाला जाणारे ट्रेकर्स याच वाडीत न्याहारी करत, पाणी भरून घेत. ओसरीवर बसून खाल्लेली तांदळाची भाकरी, कुणाची चूल कुठे, कुणाच्या घरी म्हातारं माणूस आहे, कुणाचं बाळ रांगतंय, हे ट्रेकर्सना माहीत होतं. चिखल झालेल्या त्या उतारावर घर कुठे असेल याचा अंदाज बांधायला ही माहिती उपयोगी पडली. मामीला तिनं फोनवर फक्त एवढंच सांगितलं, “ज्यांच्याकडे आपण जेवायचो ते घर सापडत नाहीये.” आजोबा असते तर त्यांना गटनायकाच्या दहा-बारा चुली आठवल्या असत्या. मला त्या दिवशी सोमनाथची घमेल्यांची साखळीही आठवली, कारण बहिणीनं पाठवलेल्या एका फोटोत माणसं उतारावर तशीच उभी होती, हातोहात माती सरकवत.

या तिघांच्या गोष्टी ऐकून माझं एक मत पक्कं झालंय. आजोबांना, आत्याला, मामाला कुणी पुढारी व्हायला शिकवलं नाही. त्यांच्या हाती असं काम दिलं गेलं जे बिघडलं असतं तर खरंच कुणाचं तरी नुकसान झालं असतं. चिठ्ठी पोचली नसती, तळ्याचा बांध फुटला असता, वीस माणसं उपाशी झोपली असती. आणि काम सोपवून मोठी माणसं बाजूला झाली. डोंगर, जंगल, पाऊस यांचा उपयोग एवढाच की तिथे लटकी जबाबदारी चालत नाही. काडी भिजली तर भिजली, तिला तुमचं प्रशस्तिपत्रक दाखवता येत नाही. आणि सेवेचा उपयोग असा की त्या कष्टाला आपल्याबाहेरचं कुणीतरी माणूस मिळतं. नुसतं साहस माणसाला स्वतःवर खूश करून ठेवतं, नुसती सेवा कधी कधी दुसऱ्याला दुबळं. आपल्याकडे ज्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या त्यांच्याकडची पोरं टिकली.

हे सगळं मनात घोळण्याचं कारण म्हणजे माझ्या मुलाच्या शाळेतून आलेलं एक चकचकीत माहितीपत्रक. चार दिवसांचं निवासी नेतृत्व विकास शिबिर, डोंगरपायथ्याशी. झिपलाइन, रॅपलिंग, रात्रीचं कॅम्पफायर, जवळच्या आदिवासी पाड्यात अर्धा दिवस समाजसेवा, शेवटी प्रमाणपत्र. फी वाचून मी दोनदा चष्मा पुसला. तरी मुलाला जायचं होतं आणि मलाही वाटत होतं की काही नसण्यापेक्षा हे बरं. आत्या आमच्याकडे आलेली होती. तिनं ते पत्रक चष्मा नाकावर सरकवून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

“भांडी कोण घासतं?” तिनं विचारलं.

मी फोन करून विचारलं. पलीकडच्या मुलीनं अदबीनं सांगितलं की मुलांना कसलाही त्रास होणार नाही, स्वयंपाक, साफसफाई, तंबू लावणं या सगळ्यासाठी पाड्यावरची पोरं ठेवली आहेत, पंधरा-सोळा वर्षांची आहेत पण फार तयार आहेत, सगळं सांभाळतात.

मी ते आत्याला सांगितलं. तिनं पत्रकाची घडी घालून माझ्या हातात दिली. “मग शिबिर त्या पोरांचं चाललंय,” ती म्हणाली. “पैसे मात्र तू भरतेयस.”

मुलाला तिनं पुढच्या मे महिन्यात सोमनाथला न्यायचं कबूल केलंय. त्याला अठरा पूर्ण व्हायला अवकाश आहे, तेव्हा छावणीत घेतील की नाही याची चौकशी करायचं काम तिनं त्याच्यावरच सोपवलंय, आणि गाडीची तिकिटं काढायचंही. दोन आठवडे झाले, त्यानं अजून फोन केलेला नाही. मी करू का, असं विचारलं तर आत्या डोळे वटारते.